फळी की कड? इंग्रजी 'बोर्ड' आणि फ्रेंच 'बॉर'

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रेतान्यमधल्या एका जुन्या खलाशाच्या पत्रांचा मराठी अनुवाद करताय. एकाच पत्रात 'बॉर' हा शब्द किंवा त्याचं एखादं पिल्लू पाच वेळा आलंय. जहाजावर चढताना 'आ बॉर', वाऱ्यात दिशा बदलताना 'व्हिरे द बॉर', बंदरात उतरल्यावर 'तिरे युन बॉर्दे', धुक्यातल्या एका प्रसंगाला 'आबॉर्दाझ', आणि शेवटी एका मित्राबद्दल 'तो आता आपल्या बॉरचा राहिला नाही' असं वाक्य. फ्रेंच कोशात पहिला अर्थ 'काठ' मिळाला. इंग्रजीतलं भावंड म्हणून 'बोर्ड' पाहिलात, तर तिथे फळी. हे सगळं एकाच शब्दाचं आहे का आणि मराठीत काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय.

एकाच शब्दाचं आहे. मी आठ वर्षं मालवाहू जहाजांवर डेकवर काढली आणि त्यानंतर पंचवीस वर्षं जहाजांचेच कागद फ्रेंचमधून इंग्रजीत आणि अधूनमधून मराठीत आणतोय. विम्याचे दावे, भाड्याचे करार, अपघातांचे अहवाल. या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं, ते पुढे सांगतो. तोवर एक खूणगाठ बांधून ठेवा: इंग्रजांनी या शब्दातली फळी उचलली, फ्रेंचांनी कड उचलली. नव्वद टक्के घोटाळे इथूनच सुरू होतात.

जुन्या जर्मानिक बोलींमध्ये दोन शब्द होते, उच्चाराने जवळजवळ सारखे. एकाचा अर्थ फळी, तक्ता. दुसऱ्याचा कड, किनार, आणि त्यातही जहाजाची कड. ते इतक्या लवकर एकमेकांत मिसळले की जुन्या इंग्रजीतच त्यांना वेगळं करणं जड जातं. का मिसळले हे कळायला कोश लागत नाही. लाकडी जहाजाच्या पोटात उभे राहा. तुम्ही आणि समुद्र यांच्यामध्ये काय असतं? एक फळी. तीच जहाजाची भिंत, तीच जहाजाची कड. फळी म्हणा की कड म्हणा, बोट एकाच ठिकाणी टेकतं.

इंग्रजीत पुढे फळीचं टेबल झालं. टेबलावर जेवण येतं, म्हणून 'बोर्ड' म्हणजे जेवणखाण, आणि जेवणासकट राहण्याची सोय म्हणजे 'बोर्डिंग'. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्या नावातलं बोर्डिंग हे. त्याच टेबलाभोवती माणसं विचारविनिमयाला बसली की ती मंडळी म्हणजे बोर्ड. आपल्याकडे मुलगा 'बोर्डात आला' असं जे अभिमानाने सांगायचे, ते बोर्ड याच टेबलावरचं. विमानतळावरचा बोर्डिंग पास मात्र टेबलाचा नाही, जहाजाच्या कडेचा आहे. बोर्डिंगमधल्या पोराला बोर्डिंग पास मिळाला, या वाक्यात एकच शब्द दोन वाटांनी चालत येऊन पुन्हा भेटतो. विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो, कारण हे दोन्ही शब्द मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहेत.

फ्रेंचांकडे हा शब्द फ्रँक लोकांकडून आणि नॉर्स दर्यावर्दींकडून आला. फळीसाठी त्यांच्याकडे 'प्लाँश' होताच, म्हणून त्यांनी यातली कड घेतली. आज फ्रेंचमध्ये ग्लासचीही 'बॉर' असते, रस्त्याचीही, टोपीचीही. इंग्रजीत कडेचा अर्थ जवळपास पुसला गेला. 'सीबोर्ड' म्हणजे समुद्रकिनारा, अशा एखाददुसऱ्या शब्दात तो टिकून आहे. पुढे इंग्रजांना कडेसाठी शब्द हवा झाला तेव्हा त्यांनी फ्रेंचांकडून 'बॉर्डर' आणला. घरातलं भांडं शेजारी गेलं आणि तिकडून कल्हई करून परत आलं, असा प्रकार.

मराठीतही या दोन्ही वाटा आहेत, आणि अनुवादात तुम्हाला त्यांचाच आधार आहे. आपली 'फळी' नुसती लाकडाची नसते. आघाडीची फळी असते, फलंदाजांची मधली फळी असते, पक्षातली दुसरी फळी असते. आपली 'कड' नुसती ताटाची नसते, कुणाची तरी 'कड घेता' येते. फ्रेंच माणूस 'आम्ही एकाच बॉरचे' म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो. म्हणजे कोशातला 'काठ' हा अर्थ चुकीचा नाही, फक्त मराठीत तो 'कडे'वरून नेला की अर्थ आपोआप उलगडतो.

आता जहाजाच्या दोन बाजू.

जहाजाची उजवी बाजू म्हणजे इंग्रजीत 'स्टारबोर्ड'. त्यात तारा शोधू नका. जुनं रूप 'स्टेऑरबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. पूर्वी सुकाणू मागे मधोमध नसे. एक रुंद वल्हं मागच्या भागात उजव्या अंगाला बांधलेलं असे, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेलं गोक्स्टाड हे व्हायकिंग दर्यावर्दींचं जहाज ऑस्लोच्या संग्रहालयाने जपलंय. सुमारे २३ मीटर लांब, ओक लाकडाचं, आणि सुकाणूचं वल्हं उजव्याच अंगाला. कुणाला समजावताना मी म्हणतो, ही ड्रायव्हर साइड. ट्रकच्या गॅरेजमध्ये कुणी 'डावा आरसा, उजवा आरसा' म्हणत नाही. ड्रायव्हर साइडचा, क्लीनर साइडचा, असंच म्हणतात. कारण गाडीकडे तोंड करून उभा असलेला माणूस आणि गाडीत बसलेला माणूस यांचे डावे-उजवे उलट होतात, पण ड्रायव्हर साइड कुठूनही बघा, ड्रायव्हर साइडच. स्टारबोर्डचा शोध याच गरजेतून लागला.

सुकाणूचं वल्हं उजवीकडे, म्हणून धक्क्याला टेकायची डावी बाजू, नाहीतर वल्हं चिरडायचं. माल त्याच बाजूने चढायचा, म्हणून ती 'लेडबोर्ड', भरायची बाजू. स्टारबोर्डच्या नादाने तिचं 'लारबोर्ड' झालं. आणि मग वाऱ्यावादळात 'स्टारबोर्ड' ओरडलं की 'लारबोर्ड' हे कळेना. ब्रिटिश आरमाराने १८४४ साली आणि अमेरिकी आरमाराने १८४६ साली लारबोर्ड मोडीत काढून 'पोर्ट' लागू केला.

फ्रेंच उजवीला 'त्रिबॉर' म्हणतात आणि डावीला 'बाबॉर'. दोन्ही डचांकडून घेतलेले. त्रिबॉर म्हणजे तेच सुकाणू. बाबॉरमधला 'बा' म्हणजे डचांचा 'बाक', पाठ. उजवीकडचं वल्हं दोन्ही हातांनी धरून सुकाणूवाला वळला की त्याची पाठ डाव्या बाजूला येते. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही पाठीचा हाच शब्द होता. इंग्रजांनी तो टाकला आणि फ्रेंचांनी ठेवला. फ्रेंच नवशिक्यांना 'बात्री' हा शब्द पाठ करायला लावतात: आधी 'बा', नंतर 'त्री', वाचताना जे डावीकडे ते डावं. मीही तसंच पाठ केलं होतं. आपल्या खलाशांचा मार्ग सगळ्यांत सरळ होता. इंग्रजी जहाजांवरच्या हिंदुस्तानी खलाशांच्या बोलीत उजव्या अंगाला 'जमना' आणि डाव्या अंगाला 'दावा' म्हणत. पहिला गुजरातीतला, दुसरा मराठी कानाला ओळखीचा. थॉमस रोबकने १८११ साली कलकत्त्याहून या बोलीचा कोशच छापला. तुमच्या पत्रात त्रिबॉर-बाबॉर आले तर मराठीत 'जहाजाची उजवी', 'जहाजाची डावी' असं लिहा. 'जहाजाची' हा शब्द गाळू नका.

डावे-उजवे एवढ्यावर संपले असते तर बरं होतं. सुकाणूच्या हुकमांत आणखी एक पेच होता. ब्रिटिश जहाजांवर १९३२ सालापर्यंत 'स्टारबोर्ड' हुकूम म्हणजे सुकाणूचा दांडा उजवीकडे, आणि दांडा उजवीकडे गेला की जहाज डावीकडे वळतं. १९१२ साली टायटॅनिकवर 'हार्ड स्टारबोर्ड' हा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळलं, ते याच रिवाजाप्रमाणे. त्यात कुणाची चूक नव्हती. जुने मजकूर वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता तुमचं 'व्हिरे द बॉर'. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. चौकोनी शिडांची जुनी जहाजं वाऱ्याच्या रेषेपासून साधारण सहा पॉइंट दूर राहत. एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा, म्हणजे जवळपास ६७ अंश. त्यामुळे जिकडून वारा येतो तिकडेच जायचं असेल, तर आधी एक अंग वाऱ्याला देऊन तिरकं जायचं, मग दुसरं अंग देऊन उलट तिरकं. असं नागमोडी. वाऱ्याला दिलेलं अंग म्हणजे 'बॉर', आणि त्या अंगावर कापलेला टप्पाही 'बॉर'. अंग बदलणं म्हणजे 'व्हिरे द बॉर'. इंग्रजीतही शिडाच्या जहाजावर 'लाँग बोर्ड', 'शॉर्ट बोर्ड' म्हणत, म्हणजे एका दमातला लांब किंवा आखूड टप्पा. आता तिथे 'टॅक' शब्द बसलाय आणि बोर्डचा हा अर्थ फक्त जुन्या पुस्तकांत सापडतो. फ्रेंचमध्ये मात्र तो जिवंत आहे, आणि राजकारणात तर रोज लागतो. पुढाऱ्याने पक्ष बदलला की त्याने 'बॉर फिरवला'. इथे मराठीत 'टोपी फिरवली' इतका चपखल वाक्प्रचार तयार असताना 'दिशा बदलली' असं गुळमुळीत लिहू नका. तुमच्या पत्रात मात्र प्रसंग खऱ्या वाऱ्याचा आहे, टोपीचा नाही. 'जहाजाचं दुसरं अंग वाऱ्याला दिलं' हे मला पुरेसं वाटतं. जाता जाता, कुठलं अंग वाऱ्याला दिलंय याला आजही कायद्यात किंमत आहे. टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला बारावा नियम सांगतो की शिडाच्या दोन बोटी वेगवेगळ्या अंगांवर वारा घेत समोरासमोर आल्या, तर जिच्या डाव्या अंगावर वारा, तिने वाट द्यायची.

'बॉर्दे' हा त्रासदायक शब्द आहे, कारण उच्चार एक आणि लिहायच्या तऱ्हा तीन. एक क्रियापद, एक नाम, एक विशेषणासारखं. तुमच्या पत्रात जे आहे ते नाम. त्याचा मूळ अर्थ एका बाजूचं सगळं. एका अंगाच्या सगळ्या तोफा एकदम उडवल्या की ती बॉर्दे. इंग्रज तिला ब्रॉडसाइड म्हणतात. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं युद्धजहाज 'व्हिक्टरी' १०४ तोफांचं होतं. त्याच्या एका अंगाने एकदम आग ओकली की काय होत असेल याची कल्पना करा. मराठीत यासाठी 'सरबत्ती' हा नेमका शब्द आहे, आणि सुदैव असं की तो जिथे जिथे लाक्षणिक अर्थाने जातो, तिथे फ्रेंच शब्दही जातो. आपल्याकडे प्रश्नांची सरबत्ती, त्यांच्याकडे शिव्यांची 'बॉर्दे'. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर बर्फाची बॉर्दे पडते, म्हणजे एका दमात झालेली मोठी हिमवृष्टी.

पण हाच शब्द खलाशांच्या पाळीलाही लागतो. जहाजावरची माणसं दोन तुकड्यांत वाटलेली असत, एक त्रिबॉरची, एक बाबॉरची. एक तुकडी कामावर असताना दुसरी झोपायची. त्या तुकडीलाही बॉर्दे म्हणतात. आणि नागमोडी टप्प्यालाही बॉर्दे म्हणतात. आता 'तिरे युन बॉर्दे' वाचा. 'तिरे' म्हणजे ओढणे, आणि 'तिरे' म्हणजे गोळी झाडणे. बंदरात उतरल्यावर तुमच्या खलाशाने तोफा डागल्या असं जर तुमच्या मसुद्यात असेल, तर तो लगेच खोडा. त्याने इतकंच केलं की या गुत्त्यातून त्या गुत्त्यात, डोलत डोलत, रात्र काढली. 'बंदरातले गुत्ते पालथे घातले' म्हणा. अनेकदा या शब्दाला परवानगीशिवाय उतरल्याचीही छटा असते. ती पत्रातल्या पुढच्या ओळींवरून कळेल. दुसऱ्या दिवशी शिक्षा झालेली असेल तर होतीच समजा.

आता माझी फजिती. कागदांचं काम सुरू करून वर्षभर झालं असेल. एका विमा सर्वेक्षकाचा अहवाल आला, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. एक मासेमारी ट्रॉलर, एक मालवाहू जहाज, पहाटेचं धुकं आणि 'आबॉर्दाझ'. मी शहाणपणाने लिहिलं 'बोर्डिंग'. डोळ्यांसमोर चाचे, दोर, आकडे सगळं आलं होतं. लंडनहून चौकशी आली: हल्लेखोर किती होते, शस्त्रं होती का, आणि ट्रॉलरवाले मालवाहू जहाजावर चढले की मालवाहू जहाजावरचे ट्रॉलरवर? मी अहवाल पुन्हा वाचला आणि घाम फुटला. कुणी कुणावर चढलं नव्हतं. दोन जहाजांची टक्कर झाली होती. विम्यात टक्कर आणि चाचेगिरी यांची कलमं वेगळी, पैसे देणारे वेगळे, मुदती वेगळ्या. तो दावा माझ्यामुळे तीन आठवडे भलत्याच टेबलावर पडून राहिला. ज्यांचं काम होतं त्यांनी पुढे मला बरेच दिवस काम दिलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

फ्रेंचमध्ये 'आबॉर्दे' म्हणजे कडेला कड भिडवणे. त्यातून दोन गोष्टी निघतात. मुद्दाम भिडवली तर चढाई. सां-मालो या फ्रेंच बंदराचा कोर्सेर, म्हणजे सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारा, रोबेर स्युर्कूफ याने ७ ऑक्टोबर १८०० रोजी बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे स्वतःच्यापेक्षा कितीतरी मोठं जहाज घेतलं, ते असंच कडेला कड लावून, माणसं पलीकडे चढवून. नकळत भिडली तर टक्कर. कायद्याच्या फ्रेंचमध्ये हा दुसरा अर्थच मुख्य आहे. टकरींबद्दलचा १९१० सालचा ब्रसेल्सचा करार पाहा, किंवा आज जगभर चालणारे १९७२ चे समुद्रातले नियम पाहा. इंग्रजी मसुद्यात 'कोलिजन' आहे तिथे फ्रेंच मसुद्यात 'आबॉर्दाझ' आहे, तेही थेट शीर्षकात. मला तेव्हा ते शीर्षक ठाऊक असतं तर तीन आठवडे वाचले असते. आणखी एक बारकावा आहे. फ्रेंच कायद्यात आबॉर्दाझ जहाजाची जहाजाशीच होते. जहाज धक्क्यावर आदळलं तर त्याला वेगळा शब्द. मराठीत हा भेद आपल्याला फुकट मिळतो: दोन जहाजांची 'टक्कर', आणि जहाजाची धक्क्याला 'धडक'. बातमीदार गाड्यांच्या बाबतीत हे नीट पाळतात, मग अनुवादकाने का पाळू नये? तुमच्या पत्रात धुकं आहे आणि शत्रूचा उल्लेख नाही. टक्करच.

याच 'आबॉर्दे'चं जमिनीवर फार सुरेख चाललंय. कुणाशी बोलायला पुढे होणं म्हणजे त्याला 'आबॉर्दे' करणं. विषयाला हात घालणं म्हणजे विषय 'आबॉर्दे' करणं. फ्रेंच दुकानाच्या पाटीवर 'आबॉर्दाब्ल' किंमत लिहिलेली असते, म्हणजे जिच्या कडेला आपली होडी लावता येईल अशी, परवडणारी. 'दाबॉर' म्हणजे 'आधी', 'सर्वप्रथम'. पहिला स्पर्श कडेचा, म्हणून. हे शब्द वापरणाऱ्या फ्रेंच माणसाला यातला समुद्र आठवतही नाही, आणि अनुवादातही तो आठवून द्यायची गरज नाही.

'आ बॉर' सोपं आहे: जहाजावर. इंग्रजी 'ऑन बोर्ड'. इथे कड म्हणजे कडेच्या आतलं सगळं. हे 'आत' की 'बाहेर' फार पैशाचं असतं. एफओबी हा व्यापारातला शब्द तुम्ही ऐकला असेल: फ्री ऑन बोर्ड, फ्रेंचमध्ये 'फ्राँको आ बॉर'. माल जहाजावर पोचेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, पुढे घेणाऱ्याची. पण पोचला कधी म्हणायचं? अनेक दशकं उत्तर होतं, माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की. १९५४ साली इंग्लंडच्या कोर्टात पायरीन विरुद्ध सिंदिया नॅव्हिगेशन हा खटला उभा राहिला. सिंदिया म्हणजे मुंबईची कंपनी, वालचंद हिराचंद यांच्यासारख्यांनी १९१९ साली उभी केलेली. भारत सरकारने विकत घेतलेले आगीचे बंब लंडनला चढत होते. त्यातला एक उचलला गेला आणि कठडा ओलांडायच्या आधीच खाली पडला. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकालात या कठड्याच्या काल्पनिक रेषेची चेष्टाच केली. माल दोरावर झोके घेतोय आणि त्याबरोबर जबाबदारीही इकडून तिकडे झोके घेतेय, हे दृश्य फारच उत्साही वकिलाला आवडेल, अशा अर्थाचं. तरी व्यापाराच्या नियमांतून कठडा जायला २०१० सालची सुधारणा उजाडली. आता माल जहाजावर ठेवला गेला पाहिजे. म्हणजे कडेवरून गेला हा अर्थ मागे पडला आणि कडेच्या आत टेकला हा अर्थ ठरला. एका शब्दाच्या दोन छटा, आणि मध्ये लोंबकळणारा बंब.

'फ्राँ-बॉर' दिसला तर थांबा, त्याला दोन अर्थ आहेत. जहाजाची पाण्याच्या वर उरलेली उंची, म्हणजे इंग्रजीतला 'फ्रीबोर्ड'. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोलच्या धडपडीमुळे १८७६ साली ब्रिटनमध्ये जहाजांच्या अंगावर जी भाररेषा सक्तीची झाली, तिचा संबंध याच उंचीशी. आणि दुसरा अर्थ, फळ्या एकीवर एक न चढवता कडेला कड लावून बांधलेलं जहाज. लाकूड, सुतार, कारखाना असं काही आसपास असेल तर दुसरा अर्थ.

इंग्रजी आणि फ्रेंच शब्द समोरासमोर ठेवून फळी-कडेचा फरक दाखवणारं माझं आवडतं उदाहरण समुद्रावरचं नाहीच. मोटारीत चालकासमोर काटे असतात तो फलक: इंग्रजीत 'डॅशबोर्ड', फ्रेंचमध्ये 'ताब्लो द बॉर'. दोन्हींत आपला शब्द आहे, पण अर्थ एक नाही. डॅशबोर्ड मुळात घोडागाडीची फळी, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी. 'ताब्लो द बॉर'मध्ये फळीचं काम 'ताब्लो' करतो आणि 'बॉर' म्हणजे नुसतं 'गाडीतला'. विमानाचा मुख्य वैमानिक असाच 'बॉरचा कमांडर'. आणि हाताशी जे आहे त्यात भागवणं म्हणजे 'बॉरच्या साधनांनी' भागवणं. भर समुद्रात दुकान नसतं, जहाजावर असेल तेच. पत्रात पुढे कुठे तो वाक्प्रचार आला तर 'आहे त्यात भागवलं' हे सरळ मराठी पुरेसं आहे.

काही गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या गळ्यात मारल्या जातात. इंग्रजी 'अबव्ह बोर्ड', म्हणजे सचोटीचं, हा समुद्रावरचा नाही. तो पत्त्यांच्या टेबलावरचा आहे, हात टेबलाच्या वर ठेवून खेळणाऱ्याचा. फ्रेंच 'बॉर्देल' म्हणजे मुळात कुंटणखाना, आता बहुतेक वेळा 'नुसता गोंधळ'. तो पाण्याच्या काठावर असे म्हणून तसं नाव पडलं, ही गोष्ट कितीही रंगवून सांगितली तरी खरी नाही. तो फळ्यांच्या झोपडीवरून आलाय. उलट 'बॉर्दरो' हा कागदी शब्द खरोखर 'बॉर'चाच वंशज आहे. विम्याच्या धंद्यात त्याचा अर्थ यादीवजा तक्ता, आणि फ्रान्समध्ये तो उच्चारला की आजही १८९४ सालचं द्रेफ्युस प्रकरण आठवतं, कारण त्या निरपराध लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपात गोवणारा कागद याच नावाने ओळखला जातो.

आता पुन्हा तुमच्या पत्राकडे. 'आ बॉर' म्हणजे जहाजावर, 'व्हिरे द बॉर' म्हणजे वाऱ्याला दुसरं अंग देणं, 'तिरे युन बॉर्दे' म्हणजे गुत्ते पालथे घालणं, 'आबॉर्दाझ' म्हणजे टक्कर. उरला तो मित्र, जो 'आपल्या बॉरचा' राहिला नाही. फ्रेंच वाक्यात दोन्ही अर्थ आहेत. एक, तो आता या जहाजावर काम करत नाही. दुसरा, तो आता आपल्या गटाचा, आपल्या मताचा नाही. वरच्या ओळींत जहाज बदलण्याची गोष्ट असेल तर पहिला, निवडणूक किंवा संप असेल तर दुसरा. पण खलाशाने मुद्दाम दोन्ही ठेवले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण पत्राचा शेवट त्याने या वाक्यावर केलाय. तसं असेल तर 'कड', 'बाजू', 'पक्ष' यांपैकी काहीच लिहू नका. 'तो आता आपल्यातला राहिला नाही' असं लिहा. यात जहाजही बसतं आणि मतही. फक्त मुद्रितं तपासताना 'आपल्यातला'मधल्या शेवटच्या 'ला'वर बोट ठेवा. तो एकदा गळला, तर मराठी वाचक त्या मित्राला तिथल्या तिथे मारून टाकेल.